बिनपगारी बी. ए.

या लेखात पहिले नाव भागूमावशीचे यायला हवे, म्हणून ते आधी लिहून टाकतो. भागूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण, राहणार वलवण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. थोड्याच वर्षांत वडीलही गेले आणि मावशी मला कडेवर घेऊन आपल्या घरी आली. पुढे तिचा नवरा तापाच्या साथीत गेला. तेव्हा तिचा शंकर पाळण्यात होता. घरात एक बाई, दोन पोरे, त्यांतले एक बहिणीचे आणि एक पोटचे, आणि गोठ्यात म्हशी. त्या म्हशींच्या दुधावर मी बी. ए. झालो.

संपादकांनी मला नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले आहे. नुकतीच पदवी घेतलेल्या मुलांना ते उपयोगी पडतील असे त्यांना वाटते. आज मी एका सरकारी खात्यात कायम कारकून आहे. पण नोकरीची म्हणून जी वर्षे मला लख्ख आठवतात, त्या वर्षांत मला नोकरी नव्हती. मी उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना सांगावे लागेल, ते पुढे सांगतो. आधी ठिपक्यांचे सांगतो.

मावशीचा रतीब लोणावळ्याच्या बंगल्यांवर असे. उन्हाळ्यात मुंबईची मंडळी राहायला आली, की दुधाची कासंडी डोक्यावर घेऊन ती फाटकाफाटकातून फिरे. फाटकांवर संगमरवरी पाट्या. वाचता येत नसले तरी तिची नजर बारीक. काही नावांच्या शेवटी दोनच अक्षरे आणि प्रत्येक अक्षरापुढे एक ठिपका, हे तिने हेरले आणि एका बंगल्याच्या माळ्याला विचारले,

"ही ठिपकं कशाची रं?"

"शिकल्याची खूण हाय ती, मावशी. पुन्याला कालेजात शिकलं का नावाम्होरं लावत्यात."

"इकत मिळत न्हाईत?"

"न्हाई. बंगला मिळतो इकत. ठिपकं न्हाई मिळत."

हे उत्तर मावशीला फार आवडले. बंगला तिला या जन्मी घेता येणार नव्हता. पण जी वस्तू पैसेवाल्यालाही विकत मिळत नाही, ती आपल्याला मिळू शकेल असे तिला वाटले. घरी येऊन तिने जाहीर केले, "गन्याच्या नावाम्होरं ठिपकं पायजेत. मंग गन्यानं शंकऱ्याच्या नावाम्होरं लावायची." आमच्या घरातला करार तो एवढाच. शंकर तेव्हा बोटे चोखत होता आणि मी पाटीवर गमभन काढत होतो.

मी वाचू लागलो तशी आळीतली पत्रे माझ्याकडे येऊ लागली. वलवणची बरीच माणसे मुंबईला गिरण्यांत होती. पत्र आले की ओट्यावर पाच-पंचवीस माणसे जमत आणि मी मधे बसून मोठ्याने वाचत असे. पत्र एकट्याचे नसतेच. ते ओट्याचे असते. एकदा शेजारच्या आबांना आलेल्या पत्रात त्यांचा मुलगा इस्पितळात असल्याची ओळ होती. आबा समोर हसत बसले होते. मी ती ओळ सोडून पुढची वाचली. मावशी मागून म्हणाली, "गन्या, गाळलंस."

"नाही मावशी."

"तुजा आवाज पडला. मागं जा आन् वाच." मी वाचले. आबा उठून गेले आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला पोचले. रात्री मावशीने मला समजावले, "वाचनाऱ्यानं गाळायचं न्हाई. लिवनाऱ्याचं त्वांड हाय ते. तुजं न्हवं."

मी बी. ए. झालो तेव्हा मावशीने लोणावळ्याच्या बाजारातल्या रंगाऱ्याकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली. माझे नाव आणि पुढे दोन अक्षरे. रंगाऱ्याने ठिपके बारीक काढले म्हणून ती पाटी घेऊन परत गेली आणि मोठे करून आणले. दाराच्या चौकटीवर पाटी लागली. वाटेने जाणारा प्रत्येकजण थांबून बघे. ज्याला वाचता येत नसे तो अधिक वेळ बघे.

मी बाहेर पडलो तो मंदीचा काळ. मी अर्ज करीत सुटलो. लोणावळ्यात एका मोठ्या किराणा दुकानदाराला हिशेबाला माणूस हवा होता. मी पदवीचा कागद पुढे ठेवला, तो त्याने बोटाने बाजूला सारला. "मास्तर, रागावू नका. बी. ए. म्हणजे मोडी नीट वाचता येत नाही, जमाखर्च ठाऊक नसतो आणि पोतं उचला म्हटलं तर अपमान होतो. मी काय करू तुम्हाला घेऊन?" मी म्हणालो, "पोतं उचलतो." तो म्हणाला, "मग मला हमाल मिळतो की, तो तुमच्याहून चांगलं उचलतो." यात खोटे काहीच नव्हते.

एका उन्हाळ्यात एका शेठजींच्या बंगल्यावर मुलांना शिकवायला राहिलो. मुले दुपारी झोपत आणि सकाळी फिरायला जात. शिकवायला वेळच नसे. पण शेठजींना पत्ते खेळायला चौथा भिडू लागे. मी महिनाभर पत्ते खेळलो. इंग्रजी वाङ्मय विशेष विषय घेऊन पास झालेला चौथा भिडू. मे संपला, बंगल्याला कुलूप लागले, माझी शिकवणी संपली.

मग सगळे करीत होते तेच मी केले. कचेरीत उमेदवार म्हणून बसू लागलो. कोणती कचेरी ते सांगत नाही. तशा गावोगाव होत्या.

उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. सरकारी जागा रिकामी झाली की ती आत बसलेल्या माणसाला मिळते, बाहेर उभ्या असलेल्याला नाही, असा सर्वांचा समज होता, आणि तो बराच खरा होता. म्हणून आत बसायचे. सकाळी कारकुनांच्या आधी यायचे, दप्तरे बांधलेले रुमाल सोडून ठेवायचे, दौती भरायच्या आणि दिवसभर नकला करायच्या. एखाद्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीच्या कागदाची नक्कल हवी असली की मूळ कागद आमच्याकडे येई. तो हुबेहूब उतरायचा. नंतर रुजवात घ्यायची. म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवायचे. वाचणाऱ्याने 'सदर' हा शब्दसुद्धा गाळायचा नाही, कारण एक शब्द गळाला की नक्कल खोटी. हे काम मला चांगले येई. त्याची शाळा मी मावशीच्या ओट्यावर केली होती.

आम्ही चौघे उमेदवार. चौघेही पदवीधर. माझ्या शेजारी बसणारा केशव तळेगावचा, तो तर एम. ए. आम्ही दोघे एका खोलीत राहत होतो. जेवणाचे सामान मावशी धाडत असे. आमच्या सर्वांची आशा एकाच जागेवर होती, ती बापूसाहेबांची.

बापूसाहेब कचेरीतले सर्वांत जुने कारकून. पेन्शन जवळ आली होती, पण त्यांना दमा होता आणि पेन्शनीपर्यंत ते टिकणार नाहीत असे सर्वांचे मत होते. स्वतः बापूसाहेबांचेही. सकाळी ते काठी टेकत आत आले की आम्ही चौघे उठून विचारीत, "बरं वाटतंय ना, बापूसाहेब?" ते गादीवर बसत, श्वास जमवत आणि म्हणत, "आज बराच आहे रे. चला, कामाला लागा. उद्या पुन्हा चौकशी करा." एखाद्या दिवशी खोकला वाढला की ते आमच्याकडे बघून डोळा मिचकावत आणि केशवला म्हणत, "एम. ए., धोतर धुऊन ठेवा. मुलाखत होईलसं दिसतंय." आम्ही हसत असू. हसताना आम्हाला एकमेकांकडे बघवत नसे.

बाहेरच्या माणसांना आमची स्थिती समजतच नसे. बेडश्याचे एक म्हातारे शेतकरी, धोंडीआबा, नकलेसाठी आले होते. काखेत फडक्यात बांधलेले आंबेमोहराचे तांदूळ. नक्कल हातात पडल्यावर ते माझ्याजवळ उकिडवे बसले.

"रावसाहेब, पगार काय म्हनायचा तुमचा?"

"पगार नाही, आबा."

"न्हाई म्हंजी, अजून झाला न्हाई?"

"मुळातच नाही."

आबांनी मान वळवून चौघांकडे पाहिले. "ह्यास्नी?"

"त्यांनाही नाही."

"मंग जेवता कुटं?"

"मावशी धाडते सामान."

"आन् मावशी काय करती?"

"दूध घालते लोणावळ्याला."

आबांनी विचार केला. "म्हंजी सरकारचं काम तुमची मावशी चालवती म्हना की." मग फडके माझ्या डेस्कावर ठेवून ते उठले. "सायबासाठी आनलं व्हतं. पर त्याला पगार हाय. तुमी शिजवून खा." केशवने ते तांदूळ परत करायला हवेत असा मुद्दा मांडला. त्या रात्री आम्ही ते शिजवले. वास सबंध चाळीत गेला.

मावशीला मात्र मी कितीदाही सांगितले तरी ती विश्वास ठेवीना. "सरकार फुकट राबवील व्हय? येठबिगार गेली म्हनत्यात न्हवं?" मी पगार साठवून ठेवतो आहे आणि शंकरच्या कॉलेजच्या वेळी एकदम पुढे करणार आहे, अशी तिची समजूत झाली होती, आणि या समजुतीचे तिला कौतुक वाटे. गावातही हेच बोलले जाई. रोज कचेरीत गादीशेजारी बसणारा, हातात टाक धरणारा माणूस बिनपगारी असू शकतो, ही गोष्ट वलवणात कुणाच्या डोक्यात शिरण्यासारखीच नव्हती.

अखेर एक दिवस ती स्वतः कचेरीत आली. सकाळच्या गाडीने, हातात दुधाची चरवी. मी उठेपर्यंत ती नेमकी बापूसाहेबांसमोर उभी.

"भाऊ, राम राम. म्या गनूची मावशी. ह्येचा पगार कवा चालू व्हायचा?"

बापूसाहेबांनी चष्मा काढला. "जागा रिकामी झाली की, मावशी."

"कवा व्हती रिकामी?"

"ही माझी गादी आहे ना, ही. मी पेन्शनीत गेलो की होईल, नाही तर वर गेलो की होईल. वरचं आधी होईल असं या पोरांना वाटतं."

"आवं, काय बोलता! जिभंला हाड?" मावशीने त्यांना नीट न्याहाळले. त्यांचा श्वास छातीत अडखळत होता. "दूध पिता का?"

"वैद्य पी म्हणतो. पण इथलं दूध म्हणजे पाणीच."

मावशीने चरवी त्यांच्यापुढे ठेवली. "म्हशीचं हाय. पानी दाखवलं बी न्हाई त्याला. ह्ये प्या, आन् शंबर वर्सं जगा." कचेरीत सगळे हसले. बापूसाहेब हसले नाहीत. त्यांनी पट्टेवाल्याला भांडे आणायला सांगितले.

त्यानंतर लोणावळ्याहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईबरोबर आठवड्यातून अनेकदा दूध येऊ लागले. बापूसाहेब पैसे देऊ लागले तर मावशीने ते परत पाठवले. पावसाळा गेला, थंडी गेली. बापूसाहेबांच्या गालांवर रंग आला. ते जिना न थांबता चढू लागले. आमच्या सकाळच्या चौकशीला ते आता छाती ठोकून उत्तर देत.

एका संध्याकाळी खोलीवर केशव मला म्हणाला, "गणपतराव, तुमच्या मावशीला आवरा. चार पदवीधर एका म्हाताऱ्याच्या खोकल्यावर जगताहेत, आणि ती त्याला बिनपाण्याच्या, निरशा दुधानं बरा करतेय." तो थट्टा करीत होता. पण बोलून झाल्यावर त्याने कूस भिंतीकडे वळवली.

मी हे मावशीला हसत हसत सांगितले. ती हसली नाही. "मंग काय मानूस मरायची वाट बघून पगार घ्यायचा? तसला पगार अंगी लागंल व्हय रं?" आम्ही नेमके तेच करीत होतो.

बापूसाहेब पेन्शनीपर्यंत टिकले. निरोपाला पेढे वाटले, हार घातला. भाषण संपल्यावर त्यांनी मला बोलावले, आपल्या गादीवर बसवले आणि टाक हातात दिला. "बस जरा. पोक काढून बसू नकोस, मला त्यानंच दमा झाला." सेवेत आणि हस्ताक्षरात मी पुढे होतो, साहेबांनीही माझ्याच नावाची शिफारस केली होती. केशवने माझा हात दाबला. त्याच्या मनात काय चालले असेल ते मला ठाऊक होते, तरी त्याने हात मनापासून दाबला.

पुढच्या आठवड्यात वरून हुकूम आला. मंदीमुळे काटकसर चालली होती. ज्या जागा रिकाम्या असतील त्या भरू नयेत, रद्द कराव्यात. त्या दिवशी मला एक गोष्ट समजली, ती आजच्या मुलांनी लक्षात ठेवावी. भरलेली जागा काढायची तर माणूस काढावा लागतो आणि त्याला तोंड असते. रिकामी जागा काढायला फक्त शाई लागते. दुपारी पट्टेवाल्याने बापूसाहेबांचे डेस्क उचलून दप्तरखान्यात नेले, गादी गुंडाळली. फरशीवर गादीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. आम्ही चौघे त्याच्याभोवती बसून नकला करीत राहिलो. रागवायला समोर कुणीच नव्हते. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असती तर निदान त्याचा हेवा तरी करता आला असता.

बापूसाहेबांना बातमी कळली तसे ते आमच्या खोलीवर आले. खाटेवर बसले. काठीच्या मुठीवरून हात फिरवत म्हणाले, "गणपत, मी मागल्या पावसाळ्यात गेलो असतो, तर तू आज कायम असतास रे. तेव्हा असला हुकूम नव्हता. जागा भरली गेली असती." मी म्हणालो, "असं बोलू नका." ते म्हणाले, "मी हिशेबाचा माणूस. जे आहे ते आहे. त्या माऊलीच्या दुधानं मला वाचवलं आणि तुझं..." ते उठले. जाताना दारात थांबून म्हणाले, "तिला हे सांगू नकोस. कधीच."

मी सांगितले नाही. मावशी आता या जगात नाही आणि बापूसाहेबही नाहीत, म्हणून आज लिहितो आहे.

उमेदवारांची पांगापांग झाली. केशव मुंबईला गेला. कापडाच्या एका दुकानाच्या दारात उभे राहून गिऱ्हाईक आत बोलवायचे काम त्याला मिळाले. त्याचे एक कार्ड आले होते, "इंग्रजी अजून विसरलो नाही." पुन्हा कार्ड आले नाही. मी घाट उतरून कोकणात एका खासगी शाळेत मास्तर झालो. तिथे पगाराच्या पावतीवर एक आकडा असे आणि हातात दुसरा पडे. विचारले तर, "तुमच्या जागी यायला दहा पदवीधर तयार आहेत," असे सांगत. तेही खोटे नव्हते. माझे पोट त्यात कसेबसे भरे. वलवणला धाडायला उरत नसे.

तिथे असताना घरून पत्र आले. मजकूर मावशीचा, अक्षर शंकरचे. तो मॅट्रिक चांगल्या रीतीने पास झाला होता. करार पाळण्याची वेळ माझ्यावर आली होती. पण मावशीने करार काढला नव्हता, तिने सल्ला विचारला होता. लोणावळ्याच्या रेल्वे शेडात काम करणारे अब्दुलमिस्त्री आमचे जुने शेजारी. रेल्वेतही माणसे कमी करणे चालू होते, पण आपल्या हाताखाली एक पोरगा घ्यायची परवानगी त्यांनी मिळवली होती. त्यांनी मावशीला सांगितले होते, "मावशी, माझ्या शब्दावर घेतील. पण पुढचा शनिवार गेला तर मला दुसरा पोरगा द्यावा लागंल. मग माझ्या हातात काय न्हाई." मावशीने विचारले होते, शंकरला शेडात घालू की कॉलेजात? कॉलेज म्हणशील तर दोन म्हशी विकायला काढते. तू शिकलेला, तू सांगशील तसे. मजकूर संपल्यावर खाली, अगदी कडेला, बारीक अक्षरात शंकरने स्वतःची ओळ घातली होती, "दादा, मला कॉलेजात जायचे आहे."

ती ओळ त्याने मावशीला वाचून दाखवली नसणार.

वलवणात आता पत्रे तोच वाचत असे. म्हणजे मी जे लिहीन ते त्यालाच, ओट्यावर, सर्वांसमोर, मोठ्याने वाचावे लागणार होते. वेगळे पत्र त्याला लिहावे तर तेही ओट्यावरच फुटणार. जाऊन भेटावे तर शाळा रजा देईना, आणि शनिवार जवळ आला होता. मी दोन दिवस विचार केला आणि लिहिले.

पुढचे थोडक्यात सांगतो. शंकर शेडात गेला. आज तो तिथे मिस्त्री आहे. राहायला रेल्वेची खोली आहे, पगार माझ्यापेक्षा बरा आहे. मावशीला शेवटपर्यंत त्यानेच सांभाळले. मला तो मान देतो, मी गेलो की कोंबडी कापतो. पण त्याच्या घरात रेल्वेच्या वेळापत्रकाखेरीज छापलेला कागद नाही. शेडातले लोक त्याला अजून 'मॅट्रिक' म्हणतात, आणि तो ऐकू न आल्यासारखे करतो. ओट्यावरची पत्रे वाचणे त्याने त्याच वर्षी सोडले.

आणि तो कॉलेजात गेला असता, तर ज्या सुमारास बी. ए. झाला असता, त्याच सुमारास लढाई सुरू झाली. नवी खाती निघाली, रेशन आले, माणसे मिळेनात. तिसऱ्या वर्गात पास झालेल्यालाही बोलावून नोकऱ्या दिल्या. मला स्वतःला तेव्हाच ही जागा मिळाली. शंकर तर माझ्याहून हुशार. मी त्याला चुकीचे सांगितले असे म्हणू का? त्या दिवशी मला जे दिसत होते तेच मी सांगितले होते. बापूसाहेब लवकर गेले असते तर मी कायम झालो असतो; शंकर उशिरा पास झाला असता तर साहेब झाला असता. ज्या देशात शिकलेल्या मुलाचे भवितव्य त्याच्या शिकण्यावर नसून कुणाच्या दम्यावर आणि कुठल्या लढाईवर ठरते, तिथे वडीलकीने सल्ला कसा द्यावा, हे मला त्या वेळी समजले नाही आणि आजही समजत नाही. आता लढाई संपली आहे. नवी खाती मिटू लागली आहेत. माझ्या टेबलाशी पुन्हा पदवीधर मुले येऊन उभी राहतात आणि विचारतात, "बिनपगारी बसलो तर चालेल का?"

नकला करायची सवय म्हणून त्या पत्राचीही एक नक्कल मी ठेवली होती. एक शब्द न गाळता ती खाली देतो.

ती. भागूमावशीच्या चरणी गणूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शंकर पास झाला हे वाचून शाळेतल्या मुलांना गूळ वाटला.

मावशी, हे पत्र तुला शंकर वाचून दाखवतो आहे, हे मला ठाऊक आहे. ओट्यावर शेजारचे आबा असतील, आळीतल्या आयाबाया असतील. शंकर, आता पुढे जे लिहिलं आहे ते वाचताना तुझा आवाज पडेल. पडला तरी चालेल, पण गाळू नकोस. हे तुझं तोंड नाही, माझं आहे.

मावशी, शंकरला कॉलेजात घालू नकोस. म्हशी काढू नकोस. त्याला अब्दुलमिस्त्रींच्या हाताखाली दे. शनिवारच्या आत दे.

मी कचेरीत होतो तेव्हा मला पगार नव्हता. तू विश्वास ठेवला नाहीस. आता सर्वांसमोर सांगतो, एक पैसा नव्हता. मी काही साठवलेलं नाही. इथे मिळतं ते मला पुरत नाही. मी शंकरला शिकवीन असं ठरलं होतं. ते मला होणार नाही. पण माझ्याजवळ पैसे असते तरी मी हेच लिहिलं असतं. असं मी स्वतःला सांगतो आहे, आणि ते खरं असावं अशी इच्छा आहे.

शंकर, तुझी शेवटची ओळ मी वाचली. तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. म्हणूनच सांगतो. माझ्याबरोबर एक एम. ए. बसत होता, तोही माझ्यापेक्षा हुशार होता. तो आज दुकानाच्या दारात उभा आहे. हुशारी असली की तिथे उभं राहणं जास्त जड जातं. शेडात तुझे हात काळे होतील, पण महिन्याच्या महिन्याला हातावर काही पडेल, आणि कुणी मरायची वाट तुला बघावी लागणार नाही. तुला माझा राग आला तर मनात ठेवू नकोस. मी घरी येईन तेव्हा तोंडावर बोल.

मावशी, तू मला शिकवलंस ते वाया गेलं असं मी म्हणत नाही. मला जे दिसतं, जे वाचता येतं, ते सगळं तुझं आहे. पण माझ्यासाठी तू जे केलंस, ते पुन्हा एकदा करायला मी तुला सांगू शकत नाही.

पत्र वाचून झालं की शंकरने ते तुझ्या हातात द्यावं. तू नेहमीसारखं माझ्या सहीवरून बोट फिरवून बघशील. ठिपके जागच्या जागी आहेत. ते तुझे आहेत, ते मी पुसणार नाही. दाराची पाटीही काढू नकोस. पण तिच्याखाली दुसरी लावायला खिळा ठोकला असशील, तर तो काढून टाक.

तुझा

गणू, बी. ए.